२८ लिटर हवा

आमच्या गाडीचं आरसी बुक माझ्या नावावर, कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून, रस्त्यात पंक्चर झालं तर उकिडवा बसणारा मी. पण डिकी बायकोची. २००९ साली डिझायर घेतली तेव्हा माहितीपत्रकात डिकीचा आकार ४४० लिटर असा छापला होता. मला तो आकडा पाण्याच्या टाकीचा वाटला, तिला धान्याच्या कोठीचा. त्या कोठीत मे महिन्यात हापूसच्या पेट्या आल्या, पावसाळ्याआधी गावचे तांदूळ आले, सासुरवाडीहून निघताना दर वेळी एक फणस आला. आणि बारा महिने एक सतरंजी. ती कशासाठी, हे आजतागायत कुणी कुणाला विचारलेलं नाही.

त्यामुळे २०१९ च्या मार्चमध्ये मी जेवताना हळूच म्हटलं, की डिकीत एक वूफर बसवावा म्हणतो, तेव्हा विषय संगीताचा राहिलाच नाही. तो जमिनीच्या वादाचा झाला.

"अहो, मिरवणुकीतला ट्रॅक्टर करायचाय का गाडीचा?"

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला तर त्यात चूक काही नाही. वूफर म्हटलं की विसर्जनाच्या रात्री खिडक्यांच्या काचा थरथरवणारी भिंतच डोळ्यांपुढे येते. पण मला तसलं काही नको होतं. मला तंबोऱ्याचा खर्ज हवा होता. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातली शेवटची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते, आणि गाडीच्या दारातले वाटीएवढे स्पीकर तिथवर पोचेपर्यंत दमतात. मग ऐकू काय येतं? तर खर्जच येतो! तारेचे वरचे स्वर कानावर पडले की खालचा मूळ स्वर मेंदू आपल्या पदरचा घालतो. म्हणजे दहा वर्षं खर्ज वाजत होता तो माझ्याच डोक्यात. हे शास्त्र मी घरात सांगितलं नाही. "मग खर्च कशाला?" हा प्रश्न त्यातून सरळ निघत होता.

वूफरला डबा लागतोच. नुसता सतरंजीवर ठेवून वाजवला तर फुसफुसल्यासारखा वाजतो, कारण त्याचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन्ही हवा कडेनं येऊन एकमेकींना भेटतात आणि हिशेब शून्य होतो. पाहुण्यांना दारातून मी "जेवूनच जा" म्हणावं आणि स्वयंपाकघरातून "त्यांना उशीर होत असेल" असं यावं, तसलं हे. पाहुणे उपाशी जातात. तेव्हा मागचा आवाज कोंडून ठेवायचा, एवढ्यासाठी डबा.

पण कोंडलेली हवा नुसती कोंडून बसत नाही. ती स्प्रिंगसारखी पडद्याला मागे ढकलते. अमेरिकेतल्या एडगर विल्चर नावाच्या माणसानं या स्प्रिंगलाच कामाला लावलं आणि १९५४ साली एआर-१ नावाचा छोटा बंद स्पीकर बाजारात आणला. त्याआधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी घरात घ्यावी लागे. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात, कुठल्या स्पीकरला किती हवा लागते याचं गणितच मांडून दिलं. डब्याचा आकार ठरवणाऱ्या माणसाचं आडनाव स्मॉल असावं, हा योग मला फार आवडला. हवा कमी पडली की स्प्रिंग ताठ होते आणि वूफर सगळ्या गाण्यांत एकच स्वर घुमवत बसतो. मी घेतलेल्या १२ इंची वूफरच्या कागदावर लिहिलं होतं : एक घनफूट. म्हणजे २८ लिटर.

तर ४४० लिटरमधले २८ मागत होतो. शेकडा सातही नाहीत. पण तयार चौकोनी डबा बायकोनं दुकानात पाहिला, ओढणीनं मोजला आणि निकाल दिला, "दोन पेट्या जातात." त्यापुढे टक्केवारी चालत नाही. मग तह झाला. डिकीत डाव्या बाजूला, चाकाच्या कमानीमागे एक वाकडातिकडा कोनाडा होता. तिथं काही म्हणजे काही बसत नसे. एक छत्री आणि एक दहा-अकराचा पाना तिथं गेले ते परत आले नाहीत. "तो कोपरा घ्या," ती म्हणाली, "पण पेटी सरळ बसली पाहिजे." चौकोनी लाकूड त्या कोपऱ्यात शिरणं शक्य नव्हतं. तिथं कोपऱ्याच्याच आकाराचा डबा हवा होता, आणि असला डबा फक्त फायबरचा होतो.

कात्रजच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये फायबरचं काम करणारे एक मामा मला कुणीतरी सांगितले. शेडच्या दारात एक पांढरा घोडा, आ वासलेले तीन पेंग्विन (कचरा पोटात घेणारे) आणि एका देखाव्यासाठी केलेला हत्तीचा फक्त पुढचा अर्धा भाग उभा होता. मी आपलं वाचलेलं ज्ञान पाजळलं, की १९५३ साली अमेरिकेत शेवरोलेनं कॉर्व्हेट नावाची अख्खी गाडी फायबरच्या अंगानं काढली, पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या केल्या, त्याही हातानं. मामांनी शांतपणे ऐकलं. "हातानंच होतं साहेब हे," ते म्हणाले, "मशिनीला खाज सुटत नाही म्हणून तिला कदर नसते."

खाजेचा उल्लेख मी तेव्हा मनावर घेतला नाही.

काम मी स्वतः करणार, फक्त शिकवा, म्हटल्यावर त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. सामान चारच : काचतंतूंची मॅट, रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. मॅट म्हणजे काचेच्या केसांची गोधडी, रेझिन म्हणजे काकवीसारखा दाट चिकट द्रव. मजबुतीला मॅट, आकाराला रेझिन. ते बोलत होते आणि मला आजीची कणगी आठवत होती. बांबूच्या कामट्यांची वीण, तिला शेणमातीचा लेप, आत वर्षाचं भात. नुसत्या कामट्या भात धरणार नाहीत, नुसती माती उभी राहणार नाही. काचेऐवजी बांबू आणि रेझिनऐवजी शेण, एवढाच काय तो फरक. वास मात्र शेणाचा बरा.

"कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा. हार्डनर नंतर, शंभर ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम. उन्हाळ्यात एकच. आणि साहेब, कोबाल्ट आणि हार्डनर यांची सोयरीक थेट जुळवायची नाही कधी. मध्ये रेझिन पाहिजेच. नाहीतर भडका."

"अंदाजानं घातलं तर?"

"आमटीतलं मीठ आहे का? चव बघून कमी करता येत नाही हे."

एप्रिलच्या एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी कामाला लागलो. मास्क, हातमोजे, फुल बाह्यांचा शर्ट. डिकीच्या कोपऱ्याला आधी मास्किंग टेप, वर स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची चांदी. रेझिन कालवायला भांडं हवं होतं, आणि भांडी देण्याच्या बाबतीत घरातून स्पष्ट नकार आला होता. तेवढ्यात मला माळ्यावरचे थर्माकोलचे द्रोण आठवले. कुठल्याशा सत्यनारायणाला आणलेले, २०१८ च्या बंदीत निरुपयोगी झालेले आणि टाकवत नाहीत म्हणून राहिलेले. मी एका द्रोणात रेझिन ओतलं, हार्डनर घातलं, ब्रश बुडवला आणि द्रोणाचा तळ नाहीसा झाला. गळला नाही, फुटला नाही, विरघळला. रेझिनमध्ये असतं स्टायरीन, आणि थर्माकोल म्हणजे त्याच स्टायरीनचं पोर. आईला पाहून ते पोर धावत मिठीत गेलं. उरलेलं सगळं माझ्या चपलेवर.

दुसऱ्यांदा अंघोळीचा मग घेतला आणि भरपूर कालवून ठेवलं, म्हणजे सारखं उठायला नको. बाहेर ३९ अंश. मी पहिला तुकडा लावून मागं वळलो तर मगातून धूर येत होता. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि जितकं जास्त एका जागी असेल तितकं अधिक तापतं. ब्रश मगात उभाच्या उभा गोठला होता. तो मग आजही आहे आमच्याकडे. ब्रशला धरून उचलता येतो. अशा वेळी वरच्या मजल्यावरून आवाज आला, "कुणाचा गॅस लीक होतोय का?" पाच मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी खाली. त्यांनी वास घेतला, डिकीत वाकून पाहिलं, गोठलेल्या मगाकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडीला गळती आहे का?" मी हो म्हणून मोकळा झालो. गळतीपुढे सोसायटीत सगळे समदुःखी असतात.

तिसऱ्या खेपेला मात्र हात बसला. थोडं थोडं कालवायचं. मॅट कात्रीनं कापायची नाही, भाकरीसारखी हातानं मोडायची, म्हणजे कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि जोड दिसत नाही. रेझिन लागलं की कडक मॅट आमटीतल्या पापडासारखी लोळागोळा होते आणि कोपऱ्याला बिलगते. मग छोट्या रोलरनं दाबून आतले हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. यात काय मजा आहे हे सांगणं अवघड आहे, पण पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते तेव्हा माणूस अर्धा तास काही बोलत नाही. आमच्या घरात ही नोंद घेतली गेली.

दोन थर झाले, वाळले. आता कवच बाहेर काढून पुढचे थर बाहेरच द्यायचे होते. मी ओढलं. कवच हललं नाही. मग लक्षात आलं की कोनाडा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद आहे, माठासारखा. आणि मी माठाच्या आत माठ घडवला होता. छत्री आणि पाना परत का येत नसत, तेही तेव्हा कळलं. शेवटी मामा आले. त्यांनी एक गुडघा डिकीत टेकवला, कवचाची एक कड आत दाबली, दुसरी उचलली. 'कडकन' आवाज झाला तो गाडीचा की माझ्या छातीचा ते समजलं नाही. बाहेर आलं ते कवच आणि त्याला चिकटलेला गाडीचा वीतभर गालिचा. "दोनच थर दिलेत म्हणून वाकलं," ते म्हणाले. "पाच दिले असते तर गाडीच फोडावी लागली असती." पुढचे चार थर मी बाहेर दिले. एका थराला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे सहा मिलिमीटरची भिंत.

त्या संध्याकाळी माझा शर्ट नेहमीच्या कपड्यांबरोबर वॉशिंग मशिनमध्ये गेला. काचेचे न दिसणारे केस सगळ्या घराच्या कपड्यांवर समसमान वाटले गेले. कोकणात खाजकुइलीच्या शेंगा ज्यांनी लहानपणी दुसऱ्याच्या कॉलरमध्ये टाकल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. सोमवारी मुलगा कॉलेजात, बायको बँकेत आणि मी ऑफिसात, तिघंही आपापल्या खुर्चीत एका लयीत खाजवत होतो. मामांना फोन केला. "चोळू नका, गरम पाणी नको, गार पाण्यानं धुवा, चिकटपट्टी लावून उपटून काढा. शर्ट वेगळा धुवायचा असतो साहेब, सांगितलं नाही का मी?" सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी डब्याचं तोंड. एमडीएफची १८ मिलिमीटरची गोल रिंग वूफरच्या मापानं कापून आणली, चार काठ्यांच्या आधारानं कवचापुढे हव्या त्या कोनात तरंगत ठेवली, आणि रिंगपासून कवचाच्या कडेपर्यंत मुलाचा जुना ट्रॅकसूट ताणून पिना मारल्या. आणि इथं मला जे दिसलं त्यासाठी सगळी खाज माफ. ताणलेलं कापड आपला आकार आपणच शोधतं. कुठं खोल जातं, कुठं उठतं, पण कुठंही उगाच नाही. मी पेन्सिलीनं कागदावर दहा वळणं काढून पाहिली होती, त्यातलं एकही इतकं बरं नव्हतं. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांना मी लहानपणी भोपळे निवडताना पाहिलंय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले ते वाळके भोपळे ते फिरवून फिरवून बघत आणि टिचकी मारत. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही नसतात. फरीदसाहेब सतारमेकरांपासून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं ते काम. वेलावर पिकलेला डबाच तो, एकही सपाट बाजू नसलेला. सपाट फळी आवाजाबरोबर आपणही थरथरते, वळलेलं कवच सहसा दाद देत नाही. मी ट्रॅकसूटवर रेझिन फिरवलं. कापड वाळून टणक झालं. वर टिचकी मारून पाहिली, अर्थात मला त्यातलं काही कळत नाही.

आता मोजणी. कागद म्हणतो २८ लिटर. वूफरचं स्वतःचं धूड आत शिरतं त्याचे तीन धरून ३१ हवेत. वाकड्यातिकड्या डब्याची लांबी-रुंदी काय डोंबल काढणार? पाणी ओतायचा धीर होईना. मी भडभुंज्याकडून पोतंभर चुरमुरे आणले. ("लग्न आहे?" "हो.") भोकातून चुरमुरे भरायचे, मग दुधाच्या लिटरच्या मापानं मोजत बाहेर काढायचे. पहिल्यांदा २९ भरले. दुसऱ्यांदा ३२. चुरमुरे हलवले की बसतात, हे भेळवाल्याला ठाऊक असतं, मला नव्हतं. तिसऱ्यांदा न हलवता साडेतीस. आजीचं भात पायलीनं मोजलं जायचं तेव्हा पायलीवर हात फिरवणारा माणूस महत्त्वाचा असे, त्याचं कारण कळलं. साडेतीस मान्य केले. शिवाय रेझिनची आतली बाजू हवेमुळे बराच काळ चिकट राहते, त्यामुळे मूठ-दोन मूठ चुरमुरे आतच राहिले. बाहेर आलेल्यांची भेळ करू या, असं मुलगा म्हणाला आणि वास घेऊन गप्प बसला.

पुट्टी, पॉलिश पेपर, वरून काळं कापड, वायरी, बॅटरीजवळ फ्यूज : यातलं काही सांगण्यासारखं नाही. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत तीन चकरा झाल्या, एवढंच.

मे महिन्यात रत्नागिरीहून येताना आम्ही पहिल्यांदा नीट ऐकलं. डिकीत पेट्या सरळ बसल्या होत्या; त्या बसल्याचं तिनं स्वतः वाकून पाहिलं होतं. आंबा घाट संपल्यावर मी तंबोरा लावला. खर्ज आला. कानात कमी, पाठीत जास्त, सीटमधून. ४० हर्ट्झचा स्वर साडेआठ मीटर लांब असतो, म्हणजे आमच्या गाडीच्या दुप्पट. त्या गाडीत तो मावत होता कसा, हे मला अजून नवल वाटतं. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मी वाट पाहिली. शेवटी म्हणाली, "पेटीतल्या आंब्यांना काही होणार नाही ना?" आणि थोड्या वेळानं, "मागे काहीतरी खडखडतंय." ती नंबर प्लेट होती. तिच्यामागे फोम चिकटवला. नंतर पखवाजाचा एक अभंग तिनं स्वतःहून लावला, दोनदा.

२०२४ मध्ये गाडीला १५ वर्षं झाली. पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, पासिंगची रांग. मुलगा म्हणाला, काढून टाका. घेणारा आला, त्यानं डिकीचा उरलेला गालिचा पाहून दोन हजार कमी केले. वूफर काढून नव्या गाडीत चौकोनी डब्यात बसवलाय. नव्या डिकीला कोनाडाच नाही. फायबरचा डबा बाल्कनीत आहे. कशावरही नीट उभा राहत नाही, त्यावर कुंडी ठेवता येत नाही, आणि सपाट म्हणावी अशी जी एकच बाजू आहे तिला १२ इंची भोक. फणस ठेवून पाहिला, तोही गडगडला.

वाचकांपैकी कुणाकडे २००९ ची, जुन्या लांब बांध्याची डिझायर अजून चालत असेल, आणि डिकीचा डावा कोपरा रिकामा असेल, तर डबा फुकट न्यावा. न्यायला स्वतः यावं, येताना एक माणूस आणि फुल बाह्यांचा शर्ट आणावा. आतले चुरमुरे खाऊ नयेत.